टेकडीवरची निलगिरी

मंडळाच्या या उन्हाळ्यातल्या सहलीला जे आले होते त्यांना आठवत असेल, टिल्डन पार्कमध्ये आपल्याला मिळालेली टेबलं बरोबर निलगिरीच्या राईला लागून होती. एकीकडे कणसं भाजणं चाललं होतं, मुलं लगोरी खेळत होती (लगोरीच्या दोन फरशा अजून आमच्या गाडीत आहेत, ज्यांच्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात), आणि निफाडहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आमच्या आई खाली पडलेलं एक लांबट पान उचलून चुरगळत होत्या. पान नाकाशी नेलं मात्र, आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आपली निलगिरी!" मग सगळ्या आज्या गोळा झाल्या. कुणाला शाळेतला सर्दीचा रुमाल आठवला, कुणाला उटीची सहल.

त्याच वेळी मंडळाचे एक जुने सभासद, ज्यांना आपण सगळे नुसतं काका म्हणतो, घडीची खुर्ची उचलून पार्किंगच्या बाजूला जाऊन बसले. चांगली सावली सोडून उन्हात का बसता, असं आईंनी विचारलं. काका एवढंच म्हणाले, "तो वास नको वाटतो हो, ताई." नव्या सभासदांना कदाचित माहीत नसेल, काकांचं घर १९९१च्या ऑक्टोबरात ओकलंडच्या टेकड्यांवरच्या आगीत गेलं.

परतताना गाडीत आईंनी दोन प्रश्न विचारले. हे झाड इथं आणलं कुणी? आणि लोकांना त्याचा एवढा त्रास असेल तर ठेवलंय कशाला? आमच्यापैकी एकाची रसायनशास्त्रातली डॉक्टरेट असूनही दोन्हींचं धड उत्तर देता आलं नाही. मग लायब्ररीतून पुस्तकं आली, जेवणाच्या टेबलावर पानं आणि बोंडं जमली. अंक छापायला द्यायची वेळ झाली आणि पानं भरायला मजकूर हवा, म्हणून संपादकांनी आम्हालाच धरलं. तेव्हा हा लेख.

आधी नावाचं बघू. निलगिरी हे नाव आपण या झाडाला दिलं ते उटीच्या डोंगरांवरून, आणि डोंगरांचं नाव झाडापेक्षा पुष्कळ जुनं आहे. झाड तिथे पोचलं १८४३ साली, एका इंग्रज लष्करी इंजिनिअरच्या हातून. थंड हवेच्या त्या ठाण्यांना आणि छावण्यांना जळण लागे, आणि त्यापायी डोंगरातलं मूळचं शोला जंगल तुटत चाललं होतं. भराभर वाढणारं झाड हवं होतं, ते ऑस्ट्रेलियातून मिळालं. पुढे उटीला पानांतून तेल काढायच्या भट्ट्या सुरू झाल्या, तेलाच्या बाटल्या देशभर गेल्या, आणि आपल्याकडे झाडाचं नावही डोंगराचंच पडलं. गंमत अशी, की ऑस्ट्रेलियात याच जातीला 'ब्लू गम' म्हणतात, म्हणजे तिथेही निळंच. कोवळ्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे ती निळसर-पांढरट दिसतात. दोन्ही नावांत निळा रंग आला, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

शास्त्रीय नाव युकॅलिप्टस. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत, १७७७ साली, टास्मानियाजवळच्या ब्रूनी बेटावरून एका झाडाच्या फांद्या वाळवून लंडनला नेल्या होत्या. लेरितिए नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं त्यावरून १७८८ साली हे नाव ठेवलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'चांगलं झाकलेलं'. कळीवर एक टोपी असते. फूल उमलताना ती टोपी टपकन गळते आणि आतून पांढऱ्या केसरांचा झुबका बाहेर येतो. या फुलाला दिसतील अशा वेगळ्या पाकळ्या नसतात, पाकळ्यांचीच टोपी झालेली असते. टिल्डनच्या वाटेवर मुलं ज्या खडबडीत चकत्या गोळा करत होती त्या म्हणजे याच टोप्या.

कुळ मात्र आपल्या ओळखीचं आहे. जांभूळ, पेरू आणि लवंग ही याची भावंडं. खात्री करायची असेल तर पेरूचं किंवा निलगिरीचं पान उजेडासमोर धरून बघा. सुईनं टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. मुलांच्या सायन्स प्रोजेक्टसाठी याहून स्वस्त काही नाही.

ऑस्ट्रेलियात याच्या सातशेहून अधिक जाती आहेत. कुठे कमरेएवढी झुडपं, तर टास्मानियात शंभर मीटरपर्यंत गेलेला एक वृक्ष. तिथल्या मूळ लोकांचं जगणं या झाडांशी हजारो वर्षं बांधलेलं. खोडाची साल एका अखंड पट्ट्यात काढून तिची होडी करायची, आणि तेसुद्धा झाड जिवंत ठेवून. मरे नदीच्या काठच्या जुन्या झाडांवर होडीच्या आकाराचे ते व्रण अजून दिसतात. उत्तरेकडे वाळवीनं आतून पोखरलेलं खोड शोधून त्याचं डिजरिडू हे वाद्य करतात. खोडातून पाझरणारा तांबडा डिंक औषधाला लागे.

आणि विस्तव. तिथले लोक ठरावीक काळानं जमिनीवरचा पालापाचोळा मुद्दाम, जपून पेटवून देत, म्हणजे मोठा वणवा लागायला काही उरत नसे. झाडही आगीला सरावलेलं आहे. सालीखाली डोळे झोपलेले असतात, खोड होरपळलं की काही आठवड्यांत तिथूनच पालवी फुटते. बऱ्याच जातींना जमिनीलगत लाकडाची एक मोठी गाठ असते. वरचं सगळं जळालं तरी त्या गाठीतून झाड परत उभं राहतं. बोंडांतल्या बिया आगीनंतर मोकळ्या झालेल्या राखेत पडतात. म्हणजे हे झाड आगीतून तगतं एवढंच नाही, आगीनं त्याची सोयही होते. हे इथे कॅलिफोर्नियात आणणाऱ्यांनी लक्षात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आता आमच्या विषयाचं थोडं. पानांतलं तेल वजनाच्या साधारण एक-दोन टक्के भरतं. ते विकायला काढण्याचा पहिला मोठा उद्योग १८५०च्या दशकात मेलबर्नजवळ जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्यानं उभा केला. पद्धत सोपी. पानांतून वाफ सोडायची, वाफेबरोबर तेल येतं, थंड केलं की पाण्यावर तरंगतं. १८७० साली क्लोएझ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं त्यातला मुख्य पदार्थ वेगळा ओळखला आणि त्याला युकॅलिप्टॉल म्हटलं. आज आम्ही त्याला सिनिओल म्हणतो. दहा कार्बन, अठरा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. कण असा गोल गुंडाळलेला, की कागदावर काढताना विद्यार्थी हमखास चुकतात. हाच पदार्थ आपल्या वेलदोड्यात भरपूर असतो. आईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी डब्यातला वेलदोडा फोडून आणि पान चुरगळून दोन्हींचा आलटून पालटून वास घेतला आणि म्हणाल्या, "आहे खरं." (लिंबाच्या वासाची जी निलगिरी असते तिच्यात सिनिओल फारसं नसतं, तिचा वास सिट्रोनेलालचा. हल्ली तर शास्त्रज्ञांनी तिला युकॅलिप्टसमधून काढून वेगळ्या घरात घातलं आहे.)

हे पदार्थ झाड स्वतःच्या रक्षणासाठी तयार करतं. बहुतेक प्राण्यांना ती पानं पचत नाहीत. कोआलाला पचतात, कारण त्याचं यकृत या विषांचा निकाल लावण्यात पटाईत असतं, पण एवढ्या निकृष्ट अन्नावर जगायचं म्हणून तो दिवसातले अठरा-वीस तास झोपून काढतो.

एकोणिसाव्या शतकात हे झाड जगभर गेलं ते तापाचं झाड म्हणून. मलेरिया दलदलीतल्या दूषित हवेनं होतो अशी समजूत होती, आणि एवढा झणझणीत वास असलेलं झाड ती हवा शुद्ध करत असणारच, असा तर्क. रोमजवळच्या एका मठातल्या साधूंनी या आशेनं निलगिरी लावली. काही ठिकाणी ताप कमी झालाही, पण त्याचं कारण झाड पाणी खूप ओढतं आणि दलदल सुकते, हे होतं. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉसनं डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला आणि वासाचा मुद्दा निकालात निघाला.

कॅलिफोर्नियात बिया आल्या १८५०च्या दशकात, सोन्याच्या धामधुमीत. ऑस्ट्रेलिया आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात जहाजांची ये-जा होतीच. इथल्या टेकड्या तेव्हा बहुतेक गवताच्या, झाडं थोडी. पूर्वेकडून आलेल्या लोकांना त्या उघड्याबोडक्या वाटत. सांता बार्बराच्या एलवुड कूपरनं आपल्या रँचवर हजारो झाडं लावली आणि १८७६ साली युकॅलिप्टसवर अमेरिकेतलं पहिलं पुस्तक काढलं. सावली, वाऱ्याला आडोसा, जळण, औषध, सगळं एका झाडात. संत्र्यांच्या बागांना वाऱ्याचा आडोसा म्हणून लावलेल्या रांगा दक्षिण कॅलिफोर्नियात अजून दिसतात, आणि तेवढा एक उपयोग खरोखर साधला असं आमचं मत आहे.

खरा सपाटा पुढे सुरू झाला. १९०७ साली सरकारी वनखात्याचा एक अहवाल आला, की देशातलं कठीण लाकूड पंधरा-सोळा वर्षांत संपणार. लगेच जमिनीचे दलाल सरसावले. निलगिरी लावा, दहा वर्षांत श्रीमंत व्हा! ज्यांनी झाड कधी पाहिलं नव्हतं अशा लोकांना लांबून पत्रानं प्लॉट विकले गेले. लेखक जॅक लंडननंही ग्लेन एलनच्या आपल्या रँचवर साठ हजारांहून अधिक झाडं लावली. ओकलंडचा बडा बिल्डर फ्रँक हेवन्स यानं तर 'महोगनी युकॅलिप्टस अँड लँड कंपनी' काढली आणि १९१०नंतर ओकलंड-बर्कलीच्या टेकड्यांवर मैलोन्‌मैल, लाखोंनी रोपं लावली. नावात महोगनी घातलं, म्हणजे लाकूड महोगनी होतं अशी त्याची समजूत असावी.

झालं काय, की झाडं वाढली झपाट्यानं, पण लाकूड कामाचं निघेना. ऑस्ट्रेलियात जे लाकूड नावाजलेलं होतं ते शंभर-दोनशे वर्षं वाढलेल्या वृक्षांचं. इथलं दहा-बारा वर्षांचं. भराभर वाढलेल्या खोडात आतल्या आत ताण साठलेला असतो. करवत लागली की फळी पिळवटते, वाळताना तडकते. रेल्वेच्या स्लीपरसाठी वापरून पाहिलं, तर चिरा पडून खिळे सैल व्हायला लागले. हेवन्सनं गिरणी घातली आणि बंद केली. पहिलं महायुद्ध येईपर्यंत सगळा फुगा फुटला होता. दलाल पुढच्या धंद्याला लागले. झाडं तिथेच राहिली, कारण पाडायलाही पैसे लागतात. हेवन्सच्या जमिनींवर पुढे घरं झाली. त्यांतल्याच एका रस्त्यावर काकांनी १९८४ साली घर घेतलं.

आईंना हा भाग ऐकवला तेव्हा त्या हसल्या. "म्हणजे आमच्याकडचंच." निफाड तालुक्यात १९८०च्या दशकात त्यांनी बांधावर आणि शेतात निलगिरी उभी राहिलेली पाहिली आहे. नाशिकच्या विनायकदादा पाटलांनी शेतकऱ्यांना ती लावायला शिकवलं, सहकारी संस्था काढून विक्रीची व्यवस्था केली. त्याबद्दल आई आदरानं बोलतात, कारण बांधकामाला लागणाऱ्या वाशांचे पैसे घरात येत होते. शेजारच्या कर्नाटकात मात्र १९८३ साली तुमकूर जिल्ह्यात रयत संघाच्या शेतकऱ्यांनी सरकारी रोपवाटिकांतली निलगिरीची रोपं उपटून टाकली. ज्या जमिनीत नाचणी व्हायची तिथे झाडं आली, मजुरांची कामं गेली आणि विहिरींचं पाणी खाली गेलं, ही त्यांची तक्रार. पुढे २०१७ साली कर्नाटक सरकारनं निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदीच घातली. उत्तर भारतात तर सगळ्यांनी एकदम लावली आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी वाशांचे भाव कोसळले. कॅलिफोर्नियातली १९१०च्या सुमाराची गोष्ट पुन्हा घडल्यासारखी वाटते. झाड तेच आणि घाईही तीच. फरक इतकाच, की नाशिककडे निदान गिऱ्हाईक आधी बघून मग रोपं लावली.

आता १९९१. त्याआधीचा थोडा इतिहास हवा. १९७२च्या डिसेंबरात या टेकड्यांवर कडक गोठण पडली आणि निलगिरीची झाडं वाळून गेली. मेली समजून पुष्कळ तोडली. पण मघाशी सांगितलेली गाठ जमिनीत शाबूत होती. एकेका बुंध्यातून चार-चार, पाच-पाच खोडं फुटली आणि राई आधीपेक्षा दाट झाली. १९९०च्या डिसेंबरात पुन्हा थंडीनं पानं जळाली आणि खाली कचरा साचला. पाऊसही सलग पाच वर्षं कमी झालेला.

१९ ऑक्टोबर १९९१च्या शनिवारी टेकडीवर गवताला एक लहान आग लागली, ती विझवली. रविवारी सकाळी, ईशान्येकडून कोरडा गरम वारा सुटलेला असताना, ती पुन्हा उठली. पहिल्या तासाभरात सातशेहून अधिक घरं पेटली. एकूण २५ माणसं गेली आणि तीन हजारांच्या आसपास बिऱ्हाडं जळाली. काका-काकूंना घर सोडायला दहा मिनिटंही मिळाली नाहीत. काकूंनी देवघरातले टाक पदरात घेतले, काकांनी पासपोर्टची फाईल. रस्ता अरुंद, समोरून धूर, आणि आकाशातून पेटत्या सालीचे लांब तुकडे पडत होते. काका सांगतात, पावसासारखे पडत होते. आठवड्यानं परत गेले तेव्हा जोतं आणि धुराडं तेवढं उभं होतं. राखेत काकूंना त्यांच्या लग्नातली समई सापडली. समई म्हणजे पितळेचा एक गोळा. पितळ वितळायला नऊशे अंशांच्या वर तापमान लागतं, हे आम्ही वर्गात शिकवलेलं आहे. तो गोळा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा आमच्या तोंडून शब्द निघाला नाही. तो अजून त्यांच्या देवघरात आहे, त्याला हळदकुंकू लागतं.

दोष झाडाचा किती? लोक म्हणतात, तेलामुळे झाडं बॉम्बसारखी फुटतात. आम्हाला त्याहून मोठा धोका सालीचा वाटतो. ब्लू गमची साल दरवर्षी लांब पट्ट्यांनी सुटते, खोडावर लोंबत राहते. खाली लागलेली आग त्या शिडीवरून शेंड्यापर्यंत चढते, आणि पेटलेला पट्टा वाऱ्यावर दूर जाऊन पडतो. तेल अर्थात भर घालतं. पन्नास अंश सेल्सियसच्या आसपास तापलं की त्याची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते. पण त्या दिवशी पेटलेली कौलं लाकडी फळ्यांची होती, पाइनची झाडंही जळाली, घरं एकमेकांना खेटून होती. १९२३ साली बर्कलीत अशाच वाऱ्यात सहाशेच्या आसपास इमारती जळाल्या होत्या, तिथेही लाकडी छपरं होती. एकट्या झाडाच्या गळ्यात सगळं बांधणं सोपं आहे, आणि रस्ते रुंद करणं अवघड.

ठेवलंय कशाला, या आईंच्या दुसऱ्या प्रश्नावर तर इथे कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. एंजल आयलंडवरची बरीच निलगिरी १९९०च्या दशकात वाद होऊन काढली. ओकलंड-बर्कलीच्या टेकड्यांवरची काढायला २०१५ साली केंद्र सरकारनं पैसे मंजूर केले, तेव्हा झाडं वाचवायला लोक बर्कली विद्यापीठाच्या आवारात चक्क कपडे उतरवून झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. (हे आईंना सांगितलेलं नाही. अंक घरी येईल तेव्हा बघू.) विरोध करणाऱ्यांचं सगळंच चूक आहे असं नाही. नुसतं तोडून भागत नाही, बुंध्याला पुन्हा पुन्हा तणनाशक लावावं लागतं, ते पाण्यात जाण्याची भीती असते. टेकडी उघडी पडली की आधी गवत आणि काटेरी झुडपं येतात, तीही पेटतात. झाडं काढून दुसरं काही लावणार नसाल तर उपयोग काय?

झाडाच्या बाजूचे काही लोक म्हणतात, तेही बाहेरून आलेलं, तुम्हीआम्हीही बाहेरून आलेले, मग त्यालाच परकं का म्हणायचं? आपल्यासारख्यांना हे ऐकायला गोड वाटतं. आम्हाला मात्र ही तुलना पटत नाही. आपण विचार करून, अर्ज भरून आलो. आलो तेव्हा आपल्यामुळे शेजाऱ्याचं काय होईल हे आपल्याला विचारता येतं आणि उत्तरही देता येतं. झाडाला यातलं काही नाही. त्याच्या बिया जहाजातून आल्या, त्याच्यावर जगणारे किडे मात्र मागेच राहिले, त्यामुळे सव्वाशे वर्षं त्याला इथे कीड अशी लागलीच नाही. खोड पोखरणारा पहिला ऑस्ट्रेलियन भुंगा १९८४ साली दक्षिण कॅलिफोर्नियात सापडला. आणि खरं सांगायचं तर काकांसमोर ही तुलना करायची आमची हिंमत होणार नाही.

आता घरातल्या निलगिरीबद्दल, आणि हा भाग लहान मुलं असलेल्यांनी तरी जरूर वाचावा. टेकडीवरच्या पानात आणि आपण देशातून आणतो त्या बाटलीत एकच तेल आहे. मागच्या हिवाळ्यात आईंच्या पर्समधली अशी बाटली आमच्या तीन वर्षांच्या चिरंजीवांनी उघडली. झाकण साधं फिरकीचं, इथल्या औषधांसारखं मुलांना न उघडणारं नव्हतं. आम्ही स्वयंपाकघरात, आई पूजेत. वास घरभर पसरला तेव्हा वाटलं, आईंना सर्दी झाली असेल. तो खोकायला लागला म्हणून धावलो. ओठांना, हातांना, शर्टाला तेल, आणि किती पोटात गेलं कुणालाच माहीत नाही. वीस मिनिटांत त्याचे डोळे मिटायला लागले.

आमच्यापैकी जो रसायनशास्त्राचा डॉक्टर आहे, त्यानं आयुष्यभर या पदार्थाचा उत्कलनबिंदू (एकशे शहात्तर अंश) तोंडपाठ ठेवला होता. चमचाभर तेलानं, म्हणजे पाच मिलिलिटरनं, लहान मूल बेशुद्ध पडू शकतं, त्याला झटके येऊ शकतात, आणि त्याहून कमी तेलानंही गुंगी येते, हे त्याला माहीत नव्हतं. आईंनी मीठपाणी पाजून ओकारी काढायची तयारी केली होती. विषबाधेच्या फोनवरच्या बाईंनी ते पहिल्यांदा थांबवलं. ओकताना तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला जास्त अपाय होतो. रुग्णवाहिका, हॉस्पिटल, सहा तास देखरेख. संध्याकाळी त्यानं उठून पोळीचा लाडू मागितला आणि आम्ही सगळे रडलो. आई त्यानंतर चार दिवस देवापुढे बसल्या की उठत नसत. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं.

म्हणून एवढं कराच. बाटली वरच्या, कुलपाच्या कपाटात ठेवा, आणि पाहुण्यांच्या पर्समध्ये व बॅगेत काय आहे ते आल्या दिवशी प्रेमानं विचारून घ्या. हे तेल कुणीच पोटात घ्यायचं नाही. तान्ह्या आणि दोन वर्षांखालच्या मुलांच्या नाकाशी, छातीशी, उशाशी लावायचं नाही, त्यांचा श्वास अडकू शकतो. मुलाला वाफ देताना उकळतं पातेलं मांडीजवळ घेऊन बसायचं नाही. गॅसजवळ बाटली उघडायची नाही, कारण वर सांगितलंच आहे. मोठ्यांनी रुमालावर दोन थेंब घ्यायला हरकत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, सर्दी मात्र तिच्या वेळेलाच जाते. विषबाधेचा अमेरिकेतला फोन १-८००-२२२-१२२२, दिवसरात्र, फुकट, आणि मराठी नसली तरी दुभाषी मिळू शकतात. फ्रिजवर लावून ठेवा. मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर आधी ९११.

शेवटी एक आमंत्रण. फ्रीमॉंटच्या आर्डनवुड फार्मवर निलगिरीची जुनी राई आहे, आणि हिवाळ्यात मोनार्क फुलपाखरं थंडीपासून आडोसा म्हणून तिथे येतात. निलगिरी हिवाळ्यात फुलते, त्यामुळे मधही मिळतो. सकाळी पंख मिटून बसलेली असताना ती वाळक्या पानांसारखी दिसतात, ऊन आलं की सगळी फांदी नारिंगी होते. २०२०च्या हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर मिळून दोन हजारसुद्धा मोजली गेली नाहीत, पुढच्या वर्षी अडीच लाखांच्या घरात आली, मग पुन्हा घटली. त्यामुळे दिसतीलच असं वचन देता येत नाही. नाताळच्या सुट्टीत जायचा बेत आहे. तारीख पुढच्या अंकात. गरम कपडे आणा, डबे आपापले.

काकूंनी नाव दिलं आहे. काकांनी अजून दिलेलं नाही. येतील असं काकू म्हणतात, पण गाडी त्यांना लांब लावायची आहे, तेव्हा फाटकाजवळची एक जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवावी.